'मेरी'च्या खिडकीपाशी: फ्रान्समध्ये नगरपालिकेची कामं कशी करून घ्यावीत

फ्रान्समध्ये राहायला येऊन तिसरा महिना होता. उन्हाळ्यात आई-बाबांना बोलवायचं, त्यासाठी गावच्या नगरपालिकेतून एक कागद आणायचा, एवढंच माहीत होतं. दुपारी निघाले, पोचले तर दार बंद. घड्याळात बारा वाजून तीन मिनिटं. काचेतून आतली बाई दिसत होती, तिने शांतपणे दारावरच्या पाटीकडे बोट केलं: १२ ते १४ बंद. दोन तास चर्चच्या पायरीवर काढले आणि दोनच्या ठोक्याला खिडकीशी जाऊन थेट कामाचं बोलायला लागले. बाईंनी माझं वाक्य संपू दिलं आणि म्हणाल्या, "बोंजूर, मादाम." मी पुन्हा कामाचं सुरू केलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "बोंजूर." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बोंजूर म्हटलं, त्या हसल्या आणि ड्रॉवरमधून फॉर्म काढला.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत त्या इमारतीत किती खेटे घातले याचा हिशोब ठेवलेला नाही. एका मुलीचा जन्म, दोन मुलांची शाळा, आई-बाबांच्या तीन वाऱ्या, एक घरदुरुस्ती. नव्याने येणारी मराठी मंडळी मला नेहमी त्याच त्या गोष्टी विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

ही 'मेरी' कोण?

इमारतीवर एम, ए, आय, आर, आय, ई अशी अक्षरं दिसतील. उच्चार 'मेरी'. हिंदीतलं 'मेरी' मनात येतंच, आणि एका अर्थी बरोबरही आहे, कारण तुम्ही ज्या गावात राहता तिथलीच मेरी तुमची. शेजारच्या गावची कितीही जवळ असली तरी बहुतेक कामांना ती चालत नाही. मोठ्या शहरांत हीच इमारत 'ओतेल द व्हील' म्हणून ओळखली जाते. नाव ओतेल असलं तरी तिथे खोली मिळत नाही.

फ्रान्समध्ये गावाला आणि शहराला एकच कायदेशीर नाव आहे, 'कोम्यून'. आपल्याकडे ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका अशी उतरंड असते. तिथे दीडशे वस्तीचं डोंगरातलं खेडं आणि मार्सेय हे दोन्ही कोम्यूनच. १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने ही रचना झाली आणि आज देशात सुमारे ३५ हजार कोम्यून आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी पाचशेपेक्षा कमी माणसं राहतात. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायती साधारण २८ हजार, यावरून अंदाज करा. प्रमुखाला 'मेर' म्हणतात. लोक सहा वर्षांसाठी नगर परिषद निवडतात आणि परिषद आपल्यातून मेर निवडते.

या मेरच्या डोक्यावर दोन टोप्या असतात. एक गावाच्या कारभाराची: शाळेची इमारत, रस्ते, स्मशानभूमी. दुसरी राज्यसत्तेची: जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद तो देशाच्या वतीने करतो. २० सप्टेंबर १७९२ पर्यंत ही वही चर्चच्या पाद्र्याकडे असायची, त्या दिवशीच्या कायद्याने ती मेरीकडे आली. त्या नोंदींच्या विभागाला 'एता सिव्हिल' म्हणतात आणि परदेशी माणसाची सर्वांत जास्त गाठ याच खिडकीशी पडते.

पॅरिस, लियाँ आणि मार्सेय यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे शहराच्या मुख्य मेरीखाली विभागवार मेरी आहेत. पॅरिसमध्ये वीस विभाग, पण २०२० पासून पहिल्या चार विभागांची मेरी एकच, 'पारी साँत्र'. तुम्ही पंधराव्या विभागात राहत असाल तर कामं पंधराव्याच्याच मेरीत.

आधी खिडकी बरोबर आहे का ते बघा

निम्मे हेलपाटे चुकीच्या कचेरीत गेल्याने होतात. मेरी काय करत नाही, हे आधी पाठ करा.

राहण्याचा परवाना म्हणजे 'तित्र द सेजूर' मेरीत मिळत नाही. ते काम प्रेफेक्त्यूरचं, म्हणजे आपल्या जिल्हाधिकारी कचेरीसारख्या सरकारी कार्यालयाचं, आणि त्याचे बरेचसे अर्ज आता ऑनलाइन भरायचे असतात. आयकर वेगळ्या कचेरीत. आजारपणाचा विमा, त्याचं हिरवं कार्ड 'सेपेआम'कडे. मुलांचा भत्ता, घरभाड्याची मदत 'काफ'कडे. भारतीय पासपोर्ट अर्थातच भारतीय वकिलातीतून. मेरीत 'पासपोर्ट आणि ओळखपत्र' अशी खिडकी दिसते, ती फक्त फ्रेंच नागरिकांसाठी. मी एकदा तिथे अर्धा तास रांगेत उभी राहिले आहे, तुम्ही राहू नका.

आणि मेरी काय करते? जन्म-मृत्यूची नोंद आणि दाखले, लग्न, पाहुण्यांसाठीचा यजमान-दाखला, बालवाडी आणि प्राथमिक शाळेचा प्रवेश, शाळेतलं जेवण, बांधकामाची परवानगी, सहीची साक्ष, अडचणीतल्या माणसाला सामाजिक मदत. कचरा आणि पाणी बऱ्याच ठिकाणी शेजारच्या गावांनी मिळून केलेल्या संघाकडे गेलेलं असतं, पण कुठे जायचं ते मेरीतच सांगतात.

खिडकी कुठली हेच कळत नसेल तर 'फ्राँस सेर्व्हिस'चं केंद्र शोधा. २०२० पासून देशभर अशी केंद्रं उघडली आहेत, काही मेरीतच आहेत, काही पोस्टात. काफ, विमा, कर या सगळ्यांचे अर्ज भरायला तिथला कर्मचारी शेजारी बसून मदत करतो, पैसे घेत नाही. फ्रेंच कच्चं असताना याच्याइतकी चांगली जागा नाही, आणि आपल्या लोकांना ती माहीतच नसते याचं मला नवल वाटतं.

घरातून निघण्याआधीची फाईल

एक जाड फाईल करा आणि कुठल्याही कामाला तीच घेऊन जा. त्यात पासपोर्ट, राहण्याचा परवाना, घराचा भाडेकरार, शेवटच्या तीन पगारपावत्या, आयकराची ताजी नोटीस ('आव्ही दँपोझिसियाँ'), जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि या सगळ्यांची एकेक झेरॉक्स. मूळ प्रत दाखवायची, झेरॉक्स द्यायची. झेरॉक्स काढून देणारी मेरी अजून मला भेटलेली नाही.

या सगळ्यावर राज्य करणारा कागद म्हणजे 'ज्युस्तिफिकातिफ द दोमिसिल', पत्त्याचा पुरावा. विजेचं, गॅसचं, पाण्याचं किंवा इंटरनेटचं बिल, नाहीतर घरभाड्याची छापील पावती. बहुतेक कामांना तो तीन महिन्यांच्या आतला लागतो. भारतातून येताच पहिलं काम म्हणजे विजेचं बिल नवरा-बायको दोघांच्या नावावर करून घेणं. एकाच्याच नावावर असलं की दुसऱ्याला दर वेळी सिद्ध करावं लागतं की मीही याच घरात राहते. वीज कंपनीला फोन केला की दुसरं नाव घालून देतात, पाच मिनिटांचं काम. मी ते दोन वर्षांनी केलं. दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर तीन गोष्टी लागतात: यजमानाने सही केलेलं 'हा माणूस माझ्याकडे राहतो' असं पत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या पत्त्याचा पुरावा.

मेरीच्या वेळा आधी वेबसाइटवर किंवा दारावर बघा. खेड्यात ती आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच उघडी असते. शहरांत काही कामांना 'राँदेव्हू', म्हणजे आधी ठरवलेली वेळ लागते, काही शनिवारी सकाळीही होतात. आणि आत शिरल्यावर पहिला शब्द बोंजूर. हे शिष्टाचाराचं पुस्तकी वाक्य म्हणून सांगत नाही. बोंजूर न म्हणता बोलायला लागलेला माणूस त्यांच्या लेखी अजून आत आलेलाच नसतो.

आपलं नाव आणि त्यांचे रकाने

फ्रेंच फॉर्मवर नावाचे दोन रकाने असतात: 'नों', म्हणजे आडनाव, आणि 'प्रेनों', म्हणजे स्वतःचं नाव किंवा नावं. वडिलांच्या नावाला तिथे जागाच नाही. आपल्या पासपोर्टवर मात्र बहुधा 'अनिल सुरेश' हे दोन्ही मिळून गिव्हन नेमच्या ओळीत असतं. मग फ्रान्सच्या दृष्टीने तुमची दोन प्रेनों झाली, अनिल आणि सुरेश. बदलायला जाऊ नका. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, प्रत्येक फॉर्मवर लिहा. एकदा 'अनिल' आणि एकदा 'अनिल सुरेश' असं झालं की दोन वेगळी माणसं तयार होतात, आणि ती एक आहेत हे सिद्ध करण्यात वर्ष जातं.

बायकांची अडचण याहून मोठी. फ्रान्समध्ये बाईचं जन्माचं आडनाव आयुष्यभर टिकतं. त्याला 'नों द नेसाँस' म्हणतात आणि सरकारी फाईल त्याच नावाने चालते. नवऱ्याचं आडनाव हे फक्त वापरायचं नाव, 'नों द्युझाज'. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत तर तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नावही कागदावर चढतं. खिडकीतल्या बाईंपुढे मी माझा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा त्यांनी पट्टी घेतली आणि एकेक ओळ जुळवून बघितली. दोन्हीत सारखं होतं ते माझं पहिलं नाव आणि जन्मतारीख. बाकी सगळं वेगळं. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि अगदी मायेने विचारलं, "ही दोन्ही तुम्हीच का?"

यावर मला उपयोगी पडला तो विवाह नोंदणीचा दाखला, कारण त्यावर माहेरचं नाव असतं. स्टॅम्पपेपरवरचं 'या दोन्ही व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र भारतात खपतं, फ्रेंच खिडकीला त्याचा अर्थच लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापला असेल तर तोही सोबत ठेवा. आणि फॉर्मवर नों द नेसाँसच्या रकान्यात माहेरचं आडनाव लिहा, सासरचं नव्हे.

जन्मदाखल्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. आपल्यातल्या कित्येकांच्या जुन्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागाच रिकामी असते. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, नंतर कुणी नाव घालायला गेलं नाही. असा दाखला फ्रान्समध्ये शून्य किमतीचा. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाऊन नाव घालून घ्या, आणि जुन्या नोंदींना मुदतीचे नियम आडवे येतात म्हणून निघण्याच्या आठवड्यात न जाता काही महिने आधी जा. शाळा सोडल्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही.

मग तीन पायऱ्या. मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांतला छापील दाखला घ्या. त्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे फ्रान्सला तेवढं पुरतं. शेवटी फ्रान्समध्ये पोचल्यावर शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर. या अनुवादकांची यादी तिथल्या अपील न्यायालयाकडे असते आणि मेरीतही विचारता येते. मराठीचा अनुवादक मिळणं अवघड, इंग्रजीचे ढिगाने आहेत, म्हणूनच दाखला दोन भाषांतला हवा. अपोस्टिल भाषांतरानंतर केलंत तर त्या शिक्क्याचं भाषांतर राहून जातं आणि पुन्हा पैसे भरावे लागतात.

तीन महिन्यांच्या आतला जन्मदाखला मागतात याचं आपल्याला हसू येतं. जन्म काय दर तीन महिन्यांनी होतो? पण त्यांचा दाखला जिवंत असतो. लग्न, घटस्फोट, मृत्यू हे सगळं त्याच नोंदीच्या समासात लिहिलं जातं, म्हणून ताजी प्रत म्हणजे ताजी स्थिती. आपला दाखला असा अद्ययावत होत नाही. लग्नाच्या फाईलसाठी परदेशी दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात, पण ज्या देशात नोंद अद्ययावत करण्याची पद्धतच नाही तिथल्या दाखल्याला ही अट लागू नाही असं त्यांच्या नागरी संहितेच्या ७० व्या कलमातच लिहिलं आहे. खिडकीतल्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. कलमाची प्रत फाईलमध्ये ठेवा आणि आवाज न चढवता पुढे करा.

आई-बाबांना बोलावताना

पाहुणे नव्वद दिवसांच्या आत राहून जाणार असतील आणि तुमच्या घरी उतरणार असतील, तर व्हिसासाठी 'आतेस्तासियाँ दाकय' लागतं, म्हणजे यजमान म्हणून तुम्ही त्यांची सोय करता असा मेरीने सही केलेला दाखला. त्याचा क्रम असा.

तुम्ही राहता त्याच गावच्या मेरीत स्वतः जायचं, प्रतिनिधी चालत नाही. जाण्याआधी शुल्काचा स्टॅम्प, 'तँब्र फिस्काल', ऑनलाइन किंवा 'ताबा' म्हणजे विडी-सिगारेटच्या दुकानातून घ्यायचा. मी काढला तेव्हा तो ३० युरोंचा होता, तुम्ही जाताना सरकारी 'सेर्व्हिस-प्युब्लिक' साइटवर रक्कम पुन्हा बघा. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत येत नाहीत. सोबत ओळख किंवा राहण्याचा परवाना, घराचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, पत्त्याचा ताजा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा. घरात किती खोल्या, किती माणसं हेही विचारतात, आणि हवं तर तुमच्या संमतीने घर बघायला माणूस येऊ शकतो. आमच्याकडे कुणी आलं नाही, मी मात्र आठवडाभर घर लखलखीत ठेवलं होतं.

फॉर्मवर पाहुण्यांची नावं पासपोर्टवरून अक्षर न अक्षर उतरवा. पासपोर्ट क्रमांक हाताने लिहिताना फ्रेंच सात आणि एक यांची गल्लत होते, त्यांचा एक डोक्यावर लांब शेंडी घेऊन येतो आणि आपल्या इंग्रजी सातासारखा दिसतो. शक्य तिथे सगळं त्यांच्यासमोर वाचून घ्या. राहण्याच्या तारखा लिहिताना दोन्ही टोकांना दोन-चार दिवस सोडा. विमानाचं तिकीट पुढेमागे झालं तर दाखल्याबाहेरचे दिवस राहतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आजारपणाचा किमान ३० हजार युरोंचा प्रवास-विमा लागतो, त्याच्या तारखाही याच दाखल्याशी जुळू द्या.

दाखला काही ठिकाणी तिथल्या तिथे, काही ठिकाणी दोन-तीन आठवड्यांनी मिळतो. महिनाभर काहीच उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा, आणि दोन महिन्यांच्या आत प्रेफेकडे, म्हणजे प्रेफेक्त्यूरच्या प्रमुखाकडे, दाद मागता येते. मिळालेली मूळ प्रत कुरिअरने भारतात पाठवा. व्हिसा केंद्रात तीच दाखवायची आणि विमानतळावर उतरल्यावरही, म्हणून बाबांना बजावून ठेवा की ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही. आमच्या बाबांनी टाकली होती.

बाळाची नोंद: बारशापर्यंत थांबता येत नाही

आपलं बारसं बाराव्या दिवशी. फ्रान्सला बाळाचं नाव पाच दिवसांत लागतं. जन्माचा दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, पाचवा दिवस शनिवार-रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. ही मुदत चुकली तर मेरी नोंद करू शकत नाही, न्यायालयातून आदेश आणावा लागतो. म्हणून आत्याला आधीच विचारून ठेवा. पाळणा बाराव्या दिवशी हलवायला कुणाचीच हरकत नाही.

ही नोंद तुमच्या घरच्या नव्हे, तर प्रसूती झाली त्या गावच्या मेरीत होते. काही मोठ्या रुग्णालयांत मेरीचा माणूस येऊन बसतो, दाईला विचारा. बाबांनी जायचं, आईने उठायची गरज नाही. रुग्णालयाचं जन्माचं पत्र, दोघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला भाषांतरासह, पत्त्याचा पुरावा. लग्न झालेलं नसेल तर वडिलांनी बाळंतपणाआधीच कुठल्याही मेरीत जाऊन पितृत्वाची कबुली लिहून देणं सोयीचं पडतं.

नाव लिहिण्याआधी ते फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचून बघा. जे या अक्षराचा उच्चार ते नाजूक 'झ' असा करतात, शब्दाच्या सुरुवातीचा एच गिळतात. पूजा नावाच्या डबल ओचं काय होईल आणि 'हर्ष' हाक मारताना कसा ऐकू येईल ते आधीच ऐका. वडिलांचं नाव दुसरं प्रेनों म्हणून घालायचं का, हाही प्रश्न येतो. आम्ही घातलं, कारण भारतीय पासपोर्टवर ते येणारच होतं आणि दोन्हीकडे एकसारखं राहिलं.

बाई नोंद छापून वाचायला देतात. सही करण्याआधी प्रत्येक अक्षर, आई-वडिलांचं जन्मगाव, जन्मतारीख तपासा. सही झाल्यावर चूक दुरुस्त करणं म्हणजे स्वतंत्र अर्ज आणि बरीच वाट. दाखल्याच्या प्रती फुकट मिळतात. पूर्ण नक्कल 'कोपी अँतेग्राल' आणि आई-वडिलांच्या नावासह उतारा, दोन्हींच्या चार-चार प्रती मागून घ्या. दोन्ही पालक भारतीय असतील तर इथे जन्मल्याने बाळ लगेच फ्रेंच नागरिक होत नाही. दूतावासात वर्षाच्या आत जन्मनोंद करून त्याचा भारतीय पासपोर्ट काढायचा असतो.

शाळा आणि शाळेतलं ताट

२०१९ पासून मुलाच्या तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं आहे. सरकारी बालवाडी आणि प्राथमिक शाळेचा प्रवेश आधी मेरीत, मग शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. पत्त्यावरून शाळा ठरते. सप्टेंबरच्या प्रवेशाची नावनोंदणी बहुतेक ठिकाणी वसंतातच उरकते, पण वर्षाच्या मध्ये आलात तरी मुलाला घ्यावंच लागतं. पालकांचा राहण्याचा परवाना बघून प्रवेश अडवता येत नाही.

लागतं काय? बाळाचा दाखला, पालकांची ओळख, पत्त्याचा पुरावा आणि लसीकरण. घटसर्प, धनुर्वात आणि पोलिओ सगळ्यांना सक्तीचे, २०१८ पासून जन्मलेल्यांना यादी मोठी आहे. आपलं लसीकरण कार्ड घेऊन आधी डॉक्टरकडे जा आणि त्यांच्याकडून फ्रेंच आरोग्यपुस्तिकेत उतरवून घ्या. मेरीतल्या माणसाला आपलं पेंटाव्हॅलंट समजत नाही.

काँतीन, म्हणजे दुपारचं जेवण, याची नोंदणी वेगळी असते आणि ती बऱ्याच गावांत मेरीच करते. दर घराच्या उत्पन्नावर ठरतो, त्याचा आकडा 'कोसियाँ फामिलियाल' काफच्या कागदावर असतो. तो दिला नाही तर सर्वांत महाग दर लागतो. शाकाहारी घरांसाठी सांगते: आठवड्यातून एकदा सगळ्यांना बिनमांसाचं जेवण देणं कायद्याने बंधनकारक आहे. रोज तसा पर्याय द्यायचा की नाही हे गावावर. आमच्या गावात अंडं आणि मासा 'मांस नव्हे' या सदरात मोडतात, तेव्हा फॉर्मवर नुसतं 'शाकाहारी' लिहू नका, काय चालतं आणि काय नाही ते स्पष्ट लिहा.

लग्न, भिंत आणि अस्थी

फ्रान्समध्ये कायद्याने लग्न लागतं ते मेरीतच. मंगलाष्टकं नंतर. दोघांपैकी एकाचं किंवा त्यांच्या आई-वडिलांचं त्या गावात घर असावं लागतं, मेरीच्या फलकावर दहा दिवस जाहीर सूचना लागते, दोन ते चार साक्षीदार हवेत. परदेशी असाल तर अविवाहित असल्याचा आणि तुमच्या देशातल्या विवाहकायद्याचा दाखला दूतावासातून आणायचा. फाईल तीन-चार महिने आधी द्या. समारंभाच्या वेळी दार उघडं ठेवतात, कुणीही येऊन बसू शकतं, आणि मेर तिरंगी पट्टा घालून कलमं वाचून दाखवतो. भारतात सनईचौघड्यात आधीच लग्न झालं असेल आणि त्याची नोंद असेल तर पुन्हा करायची गरज नाही.

घर विकत घेतलंत तर भिंतीला हात लावण्याआधी मेरीच्या बांधकाम खिडकीत जा. नवी खिडकी पाडायची, खोली वाढवायची, कित्येक ठिकाणी दर्शनी झडपांचा रंग बदलायचा तरी आधी अर्ज लागतो. छोट्या कामाच्या अर्जाला साधारण महिना, घराच्या पूर्ण परवान्याला दोन. परवाना मिळाल्यावर त्याचा फलक घराबाहेर लावायचा असतो, शेजाऱ्यांना तिथून दोन महिने हरकत घेता येते. फलकाचा फोटो तारखेसह काढून ठेवा.

मृत्यूचं कुणी आधी वाचत नाही, पण वेळ आली की वेळ नसतो. मृत्यू झाला त्या गावच्या मेरीत चोवीस तासांत नोंद, हे बहुधा अंत्यविधीची संस्थाच करते. दहनाची परवानगी मेरी देते. अस्थींचे दोन भाग करायला आणि कलश घरी ठेवायला २००८ च्या कायद्याने मनाई आहे, म्हणजे थोड्या इथल्या नदीत आणि थोड्या नाशिकला, असं करता येत नाही. कलश भारतात न्यायचा असेल तर त्याची परवानगी मेरी नव्हे, प्रेफे देतो. ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून दहनाआधीच ठरवा.

काम अडलं तर

खिडकीवर नकार मिळाला की वाद घालू नका. "कुठल्या नियमाप्रमाणे, आणि मला लेखी द्याल का?" एवढं विचारा. निम्म्या वेळा आतून दुसरा कर्मचारी येतो आणि काम होतं. झालं नाही तर मेरच्या नावाने पत्र लिहा आणि पोचपावतीच्या रजिस्टरने, म्हणजे 'रकोमाँदे'ने, पाठवा. ईमेलला उत्तर येईल न येईल, रकोमाँदेची तारीख मात्र पुढे प्रत्येक मुदतीला धरली जाते. तरीही हलत नसेल तर 'देफाँसर दे द्रुआ' या हक्करक्षकाचा प्रतिनिधी जवळच्या शहरात ठरलेल्या दिवशी बसतो आणि फुकट ऐकून घेतो.

खेड्यात राहत असाल तर मेरपेक्षा मेरीच्या सेक्रेतेरशी ओळख ठेवा. लहान गावात एकच माणूस, बहुधा बाई, जन्मनोंदीपासून स्मशानातल्या जागेपर्यंत सगळं बघते, आणि कधीकधी तीच आठवड्याचे वार वाटून दोन-तीन गावं सांभाळते. आमच्या गावची मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी असते. दिवाळीला मी तिला करंज्या नेऊन देते. पहिल्या वर्षी तिने त्या आत ठेवल्या आणि मला पावती हवी का म्हणून विचारलं.